डावा कान

ता. ९ नोव्हेंबर
रविवार, सकाळ

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मी बरी आहे, उजवा गुडघा सोडून. तू बरी असणारच. परवा टीव्हीवर पाहिलं, निळी साडी शोभत होती.

तुझ्या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या, शुक्रवारच्या पहिल्या खेळाचा पास पोचला. पाकिटावर निर्मात्याच्या माणसाने 'माननीय मुख्याध्यापिका बाई' असं टाइप केलं आहे. आत तुझ्या हाताच्या दोन ओळी असत्या तर पेन झिजलं नसतं. असो. येणार आहे.

घरची खबर इतकीच, की मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिसायला लागल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तुझी कादंबरी वाचली आणि मला फोन केला. म्हणाले, "आम्हाला हे आधीपासूनच माहीत होतं, आता छापून आलं." मोतीबिंदू परत बसवून देतात का, हे मी त्यांच्या डॉक्टरांना विचारणार आहे.

आता पुस्तकाविषयी. तू कधी विचारलं नाहीस, तरी मत सांगते. शाळेचं राजकारण तू छान पकडलं आहेस. विद्यार्थी प्रमुखाच्या निवडणुकीत आमचे चित्रकलेचे सर पैजा लावायचे आणि खेळाचे सर मत देणाऱ्या वर्गाला मैदानाचा जादा तास कबूल करायचे, हे अगदी तसंच होतं. शिक्षकांच्या खोलीत दोन किटल्या आणि दोन पक्ष होते, हेही खरं. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू निवडून यावा म्हणून मुख्याध्यापिका दोन वर्गांची मतं बाद करते, असं तू लिहिलंस. केली होती. त्या नातवाच्या बदल्यात शाळेला प्रयोगशाळा मिळाली, आणि तिथे शिकलेली मुलं आज माणसांची पोटं कापून पुन्हा शिवतात. तो नातू नंतर काय झाला, मला ठाऊक नाही. वेळ आली तर पुन्हा तेच करीन. माझं नाव तू 'फूटपट्टी' ठेवलंस, त्याचंही काही वाटलं नाही. भाजीवाला आता त्याच नावाने हाक मारतो आणि वजन मात्र चोख देतो.

मला बोलायचं आहे ते रिसीव्हरच्या प्रसंगाबद्दल.

मतमोजणी चाललेली असते. फोन वाजतो. फूटपट्टी रिसीव्हर उचलते, कानाला न लावता टेबलावर आडवा ठेवते आणि मोजत राहते. पलीकडे तिची आई मरत असते. लोक या पानावर सर्वांत जास्त हसतात, असं प्रकाशकाने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. पोस्टरवरही तोच आडवा रिसीव्हर आहे. आमच्या बसथांब्यावर लावलाय. बसची वाट बघताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.

त्या दिवशी आईजवळ बसायची पाळी तुझी होती. दवाखाना शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर. जरा काही वाटलं तर तू फोन करायचास आणि मी निघायचं, असं ठरलं होतं. म्हणून मतमोजणी मी हॉलमध्ये न घेता माझ्या खोलीत घेतली, फोनच्या शेजारी. तो एकदाच वाजला. खेळाच्या सामानाचा दुकानदार होता, व्हॉलीबॉलची जाळी आली म्हणाला. तुझे यजमान फाटकाशी स्कूटर लावून आत आले तेव्हा निकाल फळ्यावर लिहून झाला होता. म्हणाले, "ताई, संपलं. ही म्हणते तुम्ही फोन उचलतच नव्हता."

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मामा, काकू, शेजारी, सगळे बसलेले असताना तू तेच पुन्हा सांगितलंस. मी तुझ्या समोर होते. मी एक अक्षर बोलले नाही. मामांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला आणि आजवर तो बदललेला नाही.

तू विचारशील, तेव्हा का गप्प बसले. थांब, येते तिथे.

फूटपट्टीचं काम करणारी मुलगी चांगली आहे. तिला माझ्याकडे तूच पाठवलंस, 'जवळून बघून ये' म्हणून. ओट्याशी स्टूल ओढून बसायची आणि मी कणीक कशी मळते, चष्मा कुठे ठेवते, रागावले की आधी काय करते, सगळं बघायची. एक दिवस म्हणाली, दिग्दर्शकांना एक लकब हवी आहे, बाई खोटं बोलते तेव्हाची, म्हणजे प्रेक्षकांना न सांगता कळेल. तर खोटं बोलताना तुम्ही काय करता?

मी म्हटलं, "डाव्या कानाची पाळी धरते. दोन बोटांत. चोळते."

ती बारकाईची पोरगी. म्हणाली, "पण इतके दिवस मी बघतेय, तुम्ही एकदाही धरली नाहीत."

"इतके दिवस मी खोटं कुठे बोलले?" मी म्हटलं. आणि हात कणकेतच ठेवला.

तू आत्ता हे वाचताना तुझा डावा हात कुठे आहे, बघ.

तुला हे कधीच कळलं नाही, कारण आम्ही कळू दिलं नाही. तू पहिलीत असताना आईचा आरसा फुटला. तू म्हणालीस मांजराने पाडला, आणि कान धरलास. मी कानाचं सांगायला तोंड उघडलं तर आईने मला आत नेऊन दम दिला. म्हणाली, "तिला कधी सांगू नकोस. सांगितलंस तर हात आवरून खोटं बोलायला शिकेल, मग आपल्याला कसं कळणार?" मी शब्द दिला. तुझ्या परीक्षेचे गुण, तुझी ती सहल, लग्नाआधीचं तुझं ते प्रकरण, आईला सगळं वेळच्या वेळी कळत होतं. तू समजायचीस, मी चुगल्या करते.

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत "मी फोन केला होता" म्हणताना तुझा हात कानाला होता.

शब्द आईला दिलेला होता, म्हणून गप्प बसले. थोडी दयाही होती. ती तुझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला संपली, सभागृह रिसीव्हरवर हसत होतं तेव्हा.

आता चित्रपट. गेल्या आठवड्यात दिग्दर्शकाने मला आणि आणखी चाळीसेक लोकांना छोट्या थिएटरात बोलावून दाखवला. तू अजून पाहिलेला नाहीस, सगळ्यांबरोबर पहिल्यांदा बघणार असं मुलाखतीत म्हणालीस. (तेव्हा हात मांडीवर होता. खरं बोललीस.) कानाची लकब त्यांना फार आवडली आहे. चित्रपटभर पेरली आहे, प्रत्येक वेळी मोठ्ठा चेहरा. पहिल्या खेपेला कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या खेपेला दोघंतिघं हसले. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा तिने तोंड उघडायच्या आधीच सगळं थिएटर हसलं. लोक फार लवकर शिकतात. मी जन्मभर शिकवलं, पण इतका हुशार वर्ग मला मिळाला नाही.

आणि परवाची तुझी मुलाखत. निवेदिकेने विचारलं, रिसीव्हरचा प्रसंग खरा आहे का? तू म्हणालीस, "पात्रं काल्पनिक आहेत, पण फोन मी स्वतः केला होता. माझी आई वाट बघत गेली." डावा हात, दोन बोटं, पाळी. कॅमेरा अगदी जवळ होता. मामेबहिणीच्या मुलीने मला ती चित्रफीत मोबाइलवर पाठवली, खाली 'किती सोसलंय मावशीने' असं लिहून. तिच्यासारख्या लाखभर लोकांनी बघितली म्हणे. शुक्रवारी चित्रपट पाहून ते घरी जातील आणि पुन्हा बघतील. मामाही बघतील. त्यांना आता स्वच्छ दिसतं.

तू फोन का केला नाहीस, हे मी विचारत नाही. मला माहीत आहे. आई सतत मोठीला विचारायची, आणि शेवटी तरी ती फक्त तुझी असावी असं तुला वाटलं. इतपत मला समजू शकतं.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आईचा चष्मा आणि शाल आणायला मी दवाखान्यात गेले. तिथली नर्स भली बाई होती. म्हणाली, आजी दोनदा विचारत होत्या, मोठी आली का, मोठी आली का. धाकट्या बाई म्हणाल्या, "फोन केलाय, निघालीय." मग आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या, जराशा हसल्या, आणि पुन्हा विचारलं नाही. मग नर्सने मलाच विचारलं, "धाकट्या बाईंचा कान दुखत होता का हो? सारखा धरून होत्या."

मी म्हटलं, हो, लहानपणापासून दुखतो.

म्हणजे आईला कळलं होतं. मी येणार नाही, मला कुणी बोलावलेलंच नाही, हे समजून ती गेली. आणि तुला सांभाळून घेऊन गेली, आरशाच्या वेळेसारखी. तू हे पुस्तकात घातलं नाहीस. तुला ठाऊकच नव्हतं, नाहीतर घातलं असतंस, हशा पिकला असता.

शुक्रवारी पडदा पडला की तुला मंचावर बोलावतील. माझी जागा पहिल्या रांगेत आहे, तूच दिलेली. कुणीतरी फोनचं विचारेल. कुणी नाही विचारलं तर मी विचारीन. खरं सांगायचं की पुन्हा तेच, हे तू ठरव. हात मात्र कुठेही ठेवलास तरी सगळं सभागृह त्याच्याकडेच बघत असेल.

निळी साडीच नेस. आईला तो रंग आवडायचा.

जिला तू फोन केला होतास, ती तुझी

ताई