पौड म्हणजे डावीकडे

सर, काल लवळ्याच्या कॉलेजात माझा सत्कार झाला. निवेदिका म्हणाली, "मॅडमना समोरच्याचा पास आधीच कळायचा." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मात्र शेजाऱ्याला म्हणाला, "त्या टीममध्ये काय, कुणीही जिंकलं असतं." मला ऐकू गेलं आणि अंगाचा तिळपापड झाला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झालीत, तरी हे दुसऱ्या कुणाला लिहू?

अजून डोळ्यांसमोर आहे, शाळेमागच्या कोब्यावर तुम्ही आम्हा मुलींना बास्केटबॉल शिकवताय. डावपेचांची इंग्रजी नावं आमच्या डोक्यात काही केल्या शिरत नाहीत. शेवटी तुम्ही वैतागून गावांचीच नावं देता. 'पौड' ओरडलं की पास डावीकडे, 'कासारसाई' म्हणजे उजवीकडे, 'लवळे' म्हणजे थेट रिंगखाली. "आता तरी ध्यानात ऱ्हाईल का न्हाई, भवान्यांनो?" आम्ही खिदळतोय.

मग दरवर्षी चषक नेणाऱ्या पुण्याच्या संघानं मला बोलावलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "जा. हितं राहून काय कुजायचंय?" गेले. तिथं एकीपेक्षा एक तयार पोरी. मी आपली बाकावर बसून टॉवेल सांभाळायची. वर्षभर हेच. अंतिम सामन्यात समोर नेमक्या आपल्याच मुली आल्या आणि मला उतरवलं. "पौड!" अशी हाक आली. मी त्यांच्या डावीकडे झेपावले, चेंडू माझ्या हातात. "लवळे!" पुन्हा तेच. चार वेळा, सर. तुम्ही हाताची घडी घालून उभे होतात. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला आणि तिथून माझं नाव झालं.

तुमच्या तेराव्याला आपली कर्णधार त्या सामन्यानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "आमी सरांना म्हनलं व्हतं, ती तिकडं गेलीया, नावं बदला. तर म्हनले, कशाला? पोरगी आपलीच हाय." एवढं बोलून ती पंगतीत वाढायला निघून गेली. मी भरलं पान तसंच ठेवून उठले.

मला लाज वाटते, सर. हे पत्र कुठं टाकणार, राहील असंच कपाटात. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, ती मी दुसऱ्या कुणालाच कधी सांगितलेली नाही. मी मैदानात उतरले तेव्हा आम्ही पुण्याच्या मुली कितीतरी पुढे होतो. सामना संपल्यातच जमा होता, म्हणून तर मला बाकावरून उठवलं होतं.