दिओशकूतच्या पुलावरचं तेल

मी, हेमलता पद्माकर शिप्पूरकर, वय त्र्याहत्तर, माहेर निपाणी, राहणार हेब्बाळ, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही घेणं नाही. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारे एकच होते, ते सहा वर्षांपूर्वी गेले. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. हेब्बाळचा फ्लॅट माझी एकुलती एक मुलगी शलाका हिला मिळावा. यजमानांनी सरकारी संशोधन संस्थेत जन्म घालवून तो घेतला. बाल्कनीतून तळं दिसेल असं बिल्डरने छापलं होतं. आता समोरच्यांची धुणी दिसतात. तिने तो खुशाल विकावा, माझ्या आठवणीसाठी कुलूप घालून ठेवू नये.

२. बँकेतल्या ठेवी माझी नात ईरा हिच्या शिक्षणासाठी. शिक्षण म्हणजे तिला हवं ते, तिच्या आईला हवं ते नव्हे.

३. शिलाई मशीन भागुबाईला. बारा वर्षं माझं घर सांभाळते. तिला त्यात दोरा ओवता येतो, शलाकाला अजून येत नाही.

४. माझी नणंद प्रमोदिनी हिला काही नाही. तिला मी साक्षीदार केलं आहे, आणि शेजारचे आप्पाजी, जे जन्मभर वकिलाच्या ऑफिसात कारकून होते, म्हणतात की साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. बरं झालं. पुढच्या कलमातला प्रकार तिने मंडळाच्या हळदीकुंकवात हसत हसत सांगितला, तोही अर्धवट. आता पूर्ण वाचून सही करू दे.

५. ज्यासाठी हा कागद काढला ते आता लिहिते.

शलाका लग्न करून हंगेरीत असते, दिओशकूत नावाच्या खेड्यात. नावाचा अर्थ अक्रोडाची विहीर. विहीर आहे, अक्रोड कधीच पडला. पिवळं चर्च, त्याच्यावर कांद्यासारखा घुमट. टेकडीत खोदलेली द्राक्षाच्या दारूची तळघरं. युद्धात गेलेल्या पोरांच्या नावांचा दगड. आणि एक स्टेशन, जिथे आता गाडी थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिकडे गेले तेव्हा हे सगळं मला जावयाच्या आईने, माझ्या विहीणबाई मार्ता यांनी, हाताला धरून दाखवलं. आमची भाषेची बोंबच. शलाका जवळ असली तर अर्थ कळायचा, नसली की दोघी नुसत्या हसायचो.

गाव एकदा तुर्कांनी जाळलं, शंभरेक वर्षं ओस पडलं. मग एका जमीनदाराने जर्मन मुलखातली कुटुंबं आणून वसवली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना आगगाडीत कोंबून हाकललं आणि सरहद्दीपलीकडून हाकललेली माणसं आणून त्यांच्या घरांत ठेवली. मार्ताबाईंचे आईवडील असेच आले. दारावर अजून आधीच्या मालकाचं नाव कोरलेलं आहे, ते त्यांनी खरवडलं नाही. "तीस वर्षं आम्हाला उपरेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मग एका ईस्टरला आईच्या हातात चर्चची किल्ली दिली." आईमागून ती किल्ली मार्ताबाईंकडे आली. त्या ती कमरेलाच बाळगायच्या.

ओढ्यावरच्या पुलावर नेपोमुकचे संत यानोश उभे आहेत, दगडाचे. ते गाव पुरापासून राखतात. गावाने पदरमोड करून त्यांना नुकतंच घासूनपुसून पांढरं शुभ्र करून घेतलं होतं आणि रविवारी त्याचा सोहळा होता. शनिवारी ओढा चढायला लागला. आता, वेस राखणाऱ्या देवाला आपल्याकडे काय करतात? मी कुणाला विचारलं नाही. रविवारी सगळे साखरझोपेत असताना मार्ताबाईंच्या स्वयंपाकघरातली तेलाची बाटली घेतली, बेंगळुरूच्या चिकपेटहून नेलेली शेंदराची पुडी घेतली, आणि संतांना डोक्यापासून पायापर्यंत साग्रसंगीत न्हाऊ घातलं. तेल भोपळ्याच्या बियांचं, काळंहिरवं. दगड घटाघटा प्यायला. मला वाटलं, देवाने मानून घेतलं!

दहा वाजता मी इरकल नेसून पुलावर गेले. सगळं गाव जमलेलं. बँडवाल्यांनी वाद्यं खाली धरली होती. संतांचं तोंड काळं, गाल लाल, अंगावर ओघळ. शलाकाने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. अग आई गं! धरणी दुभंगली असती तर मी रांगेत पहिली होते. तेवढ्यात मार्ताबाई पुढे झाल्या, पाद्रीबुवांना दोन शब्द बोलल्या, आणि सगळं गाव वळून आमच्याकडे बघायला लागलं.

मी आठ दिवस आधीच परत आले. त्या बाईशी दोन वर्षं बोलले नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांचा चेहरा आला की मला गॅसवरचं दूध आठवायचं. मनात म्हणायचे, बाई गं, भर गावात माझं नाव सांगायची एवढी कसली घाई? संतांच्या सफाईसाठी पैसे पाठवू का म्हणून शलाकाला विचारलं, ती म्हणाली, "आई, विषय नको." मला वाटलं, तीही सासूच्या बाजूची.

गेल्या महिन्यात जावई, गाबोर, कोरमंगलाच्या कुठल्या कंपनीत कामाला आला आणि माझ्याकडे उतरला. जेवताना विचारलंन, माझ्या आईवर तुमचा राग का? मी सांगितलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "तिने तुमचं नाव घेतलंच नाही. म्हणाली, हे मी केलं."

सगळं गाव बघत होतं ते त्यांच्याकडे. मी शेजारी उभी होते, एवढंच. किल्ली त्यांनी त्याच दिवशी कमरेची काढून दिली. आता चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात. मला काही कळवायचं नाही म्हणून शलाकाला शपथ घातलेली. का, तर "ती पाहुणी. तिने उपऱ्यासारखं घरी जायचं का? मी काय, इथलीच आहे."

इथलीच! ज्या गावाने इथली म्हणायला तीस वर्षं लावली, तिथे त्यांनी ते माझ्यासाठी एका सकाळीत घालवलं. आणि मी त्यांच्या नावाने बोटं मोडत बसले होते. मला लाज वाटते. तेलाची वाटते ती वेगळी. तेल अज्ञानाने ओतलं, हा राग मी रोज हौसेने पाळला. आरशात कुंकू लावताना स्वतःकडे बघवत नाही.

६. माझ्या चार पाटल्या विकून संतांची सफाई करावी. तसंच माझ्या मृत्यूनंतर कलम पाच हंगेरियन भाषेत करून शलाकाने पुलावर सर्वांसमोर वाचावं, म्हणजे मार्ताबाईंवरचा आळ जाईल.

एवढं लिहून मी कागद आप्पाजींना दाखवला. सहावं कलम त्यांनी दोनदा वाचलं. "अक्का, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडणार."

"मग? त्यासाठीच असतं ते."

"तुमचे वडील शहाण्णव वर्षं जगले. त्या बाई किती वर्षांच्या?"

"शहात्तर."

"मग तोवर त्यांनी मागच्याच बाकावर बसायचं? स्वल्प योचने माडी, अक्का. थोडा विचार करा."

मला इतका राग आला की मी त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही. विचार मात्र केला. मेल्यावर खरं बोलायला कसली आलीये हिंमत? तेव्हा मला कोण बघणार आहे?

७. सबब कलम सहा रद्द. पाटल्या मी स्वतः विकल्या, त्यात सफाईचे आणि विमानाचे पैसे निघाले. मे महिन्यात संतांच्या सणाला मी त्या पुलावर उभी असेन. कलम पाच तसंच राहू द्यावं. वाटेत माझं काही बरंवाईट झालं तर शलाकाने ते वाचावं. मार्ताबाई पाद्रीबुवांना जे दोन शब्द बोलल्या, ते मी ईराकडून फोनवर पाठ करून घेतले आहेत: एन वोल्तॉम. ती मी होते. ईरा म्हणते, उच्चार अजून चुकतो.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

हेमलता पद्माकर शिप्पूरकर

साक्षीदार:
१. आप्पाजी हुक्केरी
२. प्रमोदिनी देसाई

हेब्बाळ, बेंगळुरू
१२ एप्रिल २०२५