दोराखाली चिंध्या

सुरत, रविवार, १४ जानेवारी १९७३

पणजोबांच्या थडग्यावर नवा दगड बसवायचाय, पण बाबांचं आपलं तेच. काल आलेल्या पत्रातही लिहितात, "एबदमलेख असलं कुणाचं नाव नसतंय. माझा आजा दगडू. थडग्यावर दगडूच कोरायचं." मग राहुरीला चर्चमध्ये मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत मी डोळ्यांनी पाहिलं ते नाव कुणाचं? पुढं "विहिरी खोदणारा" असंही लिहिलंय, म्हणजे आमचाच धंदा. बाबा म्हणतात, विहिरी खोदणारे लई हुते.

आज उपासनेनंतर इथल्या म्हाताऱ्या मास्तरांना विचारलं. त्यांनी पवित्र शास्त्रात यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक काढून दिलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. त्या संदेष्ट्याला चिखलाच्या खड्ड्यात टाकलेलं, आणि एबदमलेखानं त्याला दोरानं वर काढला. पण आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या, काखेत घालायला, दोर काचू नये म्हणून.

चिंध्या! आमच्या घरात विहिरीत माणूस सोडायचा तर आधी काखेत चिंध्या. मला सोडतानाही बाबा म्हणायचे, "थांब रं, आज्याची रीत हाय." दुसऱ्या कुणाची अशी रीत मी पाहिली नाही. म्हणजे पाद्र्यानं पणजोबाला चिंध्या बांधताना पाहून बाप्तिस्म्यात हे नाव दिलं? का नाव मिळाल्यावर त्यांनी चिंध्या धरल्या? कसंही असो, वहीतला माणूस आमचाच.

बाबांना सगळं लिहिलं. दगडावर दोन्ही नावं कोरा म्हणालो. पाथरवट अक्षरावर पैसे घेतो, तेव्हा वाढीव अक्षरांचे माझ्याकडून. उद्या मनीऑर्डर करतो, बावीस रुपये.