चार हातांवरून

२२ डिसेंबर
बस आली नाही. येणार नव्हतीच. सरकारी शाळांना नाताळची सुट्टी, म्हणून आमच्याही पोरांना नेणाऱ्या जिल्ह्याच्या बसना सुट्टी. आमच्या ज्यू शाळा चालू — आमचा कुठे नाताळ? रायझलताई पहाटेच बेकरीत कामाला गेली. तिच्या सहा वर्षांच्या ब्लिमीला शाळेत पोचवणार कोण? मी. तीन शाळांनी हाकललेला, मायामीहून परवाच गावी परत उगवलेला मामा.

फुटपाथ नाही. कडेला बर्फाचे ढीग. एक ट्रक इतका जवळून गेला की ब्लिमीची टोपी उडाली. (मायामीत टोपी लागतच नाही. असो.) रडली नाही. "मामा, उद्या दुसऱ्या बाजूनं जाऊ." दुसरी बाजू तशीच.

२३ डिसेंबर
ब्लिमीला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या मधोमध चाललो. मागे गाड्यांची रांग, भोंगे. पोलीस म्हणाला, "कडेनं चाल." म्हटलं, "कड दाखवा, चालतो."

दुपारी शाळांची आणि जिल्ह्याची बैठक. बोलावणं नव्हतं — गेलो. बस खात्याच्या पेटिफोर्डबाई म्हणाल्या, "एक बस देईन. मुलगे-मुली एकत्र बसवा."

मुलग्यांच्या शाळेचे रब्बी लांडा: "एकत्र नाही."

"मग दोन फेऱ्या. आधी मुली."

"आधी मुलगे. त्यांची सकाळची प्रार्थना असते."

घोडं तिथेच अडलं. मी उठलो. "रब्बी, ओळखीचा माणूस चार हातांवरून ओळखू येईल इतकं उजाडल्याशिवाय ती प्रार्थना सुरू होत नाही. कान पिळून तुम्हीच शिकवलंत. अंधारात मुलग्यांना नेऊन काय करणार, झोपवणार?"

लांडांनी दाढी कुरवाळली. "एवढं डोक्यात होतं, तर शाळा का सोडलीस?"

"सोडली नाही. हाकललंत."

"...बरं. आधी मुली."

बाईंनी फाईल मिटली. "ठरलं. पण नाताळ झाल्यावरच. सणात ड्रायव्हर कुठून आणू? माझ्या माणसांनाही घरदार आहे."

"बाई, ट्रकना सण नाही. मी मधोमधच चालणार. पोलिसांना सांगून ठेवा."

२४ डिसेंबर
चाललो. आज आणखी चार पोरी मागे. ताईचं बटाट्याचं कुगल पोलिसालाही दिलं. खाल्लं — आणि दंडही ठोकला!

२५ डिसेंबर
पोरींना घेऊन निघालो, आत्ता कुठे उजाडत होतं. मागून मोठे दिवे. हटलो नाही. बस थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरचा चेहरा दिसेना, म्हणून जवळ गेलो. चार हातांवरून ओळखलं — पेटिफोर्डबाई. ठेवणीतला लाल कोट, हॅट.

"आधी मुली ना? मग चढव लवकर," म्हणाल्या. "मलाही प्रार्थनेला पोचायचंय."