आईचा दात कोणी पाडला?

दिनांक ११, सोमवार सकाळ

आई,

पाया पडते. मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट विचारली, तीच डोक्यात फिरतेय. गोष्ट साधीच होती. सांगते पुढे.

हे तुला कोण वाचून दाखवतंय ते काही मला कळणार नाही. शिवणवाल्या काकू असतील तर त्यांना नमस्कार. अक्षराला हसू नका म्हणावं, चौथीनंतर हातात लाटणंच आलं. माझा फोन बंद आहे. हे म्हणतात दुरुस्तीला टाकलाय. महिना झाला. म्हणून पत्र.

तुझा गुडघा कसा आहे? इथे सगळं ठीक. ह्यांना टाइल्स बसवायचं मोठं काम मिळालंय, चार मजले आहेत. पोर आता पळते. जिन्याला फळी लावलीय.

दाताचं सांगायचं म्हणजे, फोनवर तुला बोलले होते ना, पोरीचं डोकं लागून पुढचा दात अर्धा तुटला म्हणून. तू किती हसलीस. तिचं नाव टक्करबाई तूच ठेवलंस. आता सगळे तेच म्हणतात. कोणी घरी आलं की हे विचारतात, "आईचा दात कोणी पाडला?" मग ती कपाळावर थाप मारते आणि म्हणते, "मी!" सगळे हसतात. मी पण हसते, तोंडावर हात धरून.

आता महिनाअखेरीला दादा येणार, तर त्याच्या आत दात नीट दिसला पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. कोणीतरी त्यांना व्हिनीअर सांगितलं. म्हणजे नखासारखी पातळ पांढरी चकती असते, ती दाताला पुढून चिकटवतात. शनिवारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आरशाने पाहिलं, दातावर टकटक केलं, थंड काहीतरी लावलं. तुटलेल्याच्या शेजारचा दात काळपट पडलाय, तिथे मला थंड कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "व्हिनीअर लावायला खालचा दात पक्का लागतो. हा हलतोय. शेजारचा आतून मेलाय. शिवाय व्हिनीअर लावायचं तर चांगला दात वरून घासावा लागतो. एकदा घासला की तो परत येत नाही. आत्ता मी लावणार नाही. आधी मुळाचं बघू."

हे म्हणाले, "बाई, मी टाइल्स बसवतो. मागे भिंत कशी का असेना, पुढून चकाचक दिसलं की गिऱ्हाईक खूश."

त्या म्हणाल्या, "हलत्या भिंतीवर बसवाल का टाइल?"

हे हसले. म्हणाले, "अहो, सगळं ह्या टक्करबाईचं काम. सांग गं, आईचा दात कोणी पाडला?"

पोरीने थाप मारली. "मी!"

हे हसले, तिथली मदतनीस हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला, मग ह्यांना एक्सरेचा कागद घेऊन बाहेर पाठवलं. दार लावलं. मला म्हणाल्या, "एकच विचारते, कारण त्यावर सगळं ठरतं. परत मार बसणार आहे का?"

मी म्हटलं, "पोर मोठी होतेय आता. नाही मारणार डोकं."

त्यांनी हातमोजे काढले, म्हणाल्या, "ठरवा तुम्ही. पण चिकटवून घ्यायची घाई करू नका."

ह्यांनी दुसरा डॉक्टर पाहिलाय. तो देतो म्हणालाय चिकटवून. एकवीस तारखेचा गुरुवार ठरलाय. मला नक्की काय वाटतं ते समजत नाही. हातपाय कामं करतात, मी बघत राहते. भाजी चिरताना बोट कापलं ते रक्त पाहिल्यावर कळलं.

गुडघ्याला तेल लाव. जिना सारखा चढू नको.

तुझी लेक

आता जे कोणी वाचत असाल, काकू किंवा कोणीही, इथे थांबा. पुढचं मोठ्याने वाचू नका. आईने विचारलं तर म्हणा, पोरीच्या गमती लिहिल्यात.

पोरीने काही केलं नाही. ती झोपली होती. टाइल सरळ बसली का बघायची पट्टी असते, ती त्याने मारली. कारण लिहीत नाही, कारण काही नव्हतंच. पोरीचं डोकं लागलं असं सांगायचं हे पण त्यानेच ठरवलं, आणि मी तेच सगळ्यांना सांगितलं. आईला पण.

शनिवारी दवाखान्यातून आलो आणि पोरीच्या हातून दूध सांडलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. कोणी काही विचारलं नव्हतं. तिने आपली कपाळावर थाप मारली आणि म्हणाली, "मी."

तिला दोन वर्षं पण झाली नाहीत अजून. मी झोपले नाही ते ह्याच्यामुळे. बाईंनी विचारलं त्याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं.

पोरीला पाळणाघरात सोडायला जाताना हे पत्र टपालपेटीत टाकते. तेवढाच वेळ मिळतो.

दादाचा नंबर आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, निळ्या पेनाने लिहिलेला. महिनाअखेरीला नको, एकवीसच्या आधी ये म्हणावं. आधी कळवू नको, सरळ ये. दात झाकायच्या आधी बघून घे. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण हे पत्र घडी करायच्या आधी माझ्या दादाला फोन करा.