मंगळीला माझा खोटा आवाज देऊ नये

मी, उन्नती कुंदन तामोरे, वय एकेचाळीस, अविवाहित, धंदा संगणकावर चित्रे काढण्याचा, राहणार माहीम, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचे दडपण नाही असेही लिहावे लागते. दडपण आजाराचे आहे, माणसांचे नाही. गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरसाठी माझी स्वरपेटी काढली, तेव्हापासून मी छोट्या फळ्यावर लिहून बोलते. आता तो फुप्फुसात उतरला आहे. कशामुळे झाला हे कोणाला सांगता आले नाही, आणि मीही उगाच कोणाच्या माथी मारत नाही.

१. माहीमच्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक आई, श्रीमती मंजुळा कुंदन तामोरे, हिला मिळावी. तिच्या हयातीत तो हिस्सा कोणालाही विकता येणार नाही. हे भाऊ विनोद याच्यासाठी मुद्दाम लिहिले आहे. वडील गेल्यावर होडी त्याने मला न विचारता आपल्या नावावर करून घेतली, तेव्हा त्याचे पोट भरलेले आहे. माझ्या कामाला तो ‘पोरांचा गेम’ म्हणतो. म्हणू दे. त्याला माझ्याकडून काही नाही.

२. चित्रे काढायचा टॅब्लेट, त्याचे पेन आणि खुर्ची मैत्रीण दीपिका हिला. बोईसरच्या एमआयडीसीत कारखान्यांसाठी धोक्याचे फलक बनवणाऱ्या दुकानात आम्ही एका टेबलावर बसत असू. पिवळ्यावर काळी कवटी मी तिच्याकडून शिकले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. ती भांडायला घाबरत नाही.

३. आता मुख्य मालमत्ता. ‘खारी गल्ली’ हा संगणकावरचा खेळ मी आणि भाग्येश, जो त्याचे प्रोग्रामिंग करतो, आम्ही मिळून बनवत आहोत. पुढच्या शतकातले बोईसर आहे. समुद्र आत शिरला आहे, जांभळ्या-हिरव्या दिव्यांच्या पाट्या पाण्यावर लटकतात, आणि कंपनी माणसांच्या आठवणी गहाण ठेवून घेते. मंगळी नावाची कोळीण हरवलेल्या भावाच्या आठवणी शोधत दारोदार फिरते. एक डोळा यंत्राचा, डोक्यावर मासळीची टोपली. सापडेल ते ती टोपलीत टाकते: तुटकी वायर, बर्फ, मेलेल्या माणसाचा चष्मा. पुढे कुठेतरी त्याचा उपयोग होतो.

यात बंदूक नाही आणि वेळ मोजणारे घड्याळही नाही. खेळणाऱ्याने वस्तूवर बाण नेऊन दाबायचे, की मंगळी त्या वस्तूबद्दल बोलते. एवढेच. लोक मला विचारत, असल्या काळोख्या शहरात कोणाला करमेल? मला करमले. दिवसभर फलकांवर ‘हात लावू नये’ लिहून घरी यायचे आणि इथे प्रत्येक गोष्टीला हात लावायचा. चुकीच्या दारावर शंभरदा दाबा, मंगळी खेकसते, पण उत्तर देते. खऱ्या कुठल्या कचेरीच्या खिडकीवर मला असे उत्तर मिळाले? हा खेळ मला जिवापाड आवडतो, आणि तो अर्धा सोडून जायचे आहे याचा मला भयंकर राग येतो.

४. मंगळीचा आवाज माझा आहे. खेळाच्या तीनपैकी दोन भागांचे बोलणे रेकॉर्ड करून झाले; तिसऱ्याच्या आधी स्वरपेटी गेली. भाग्येशने मला न सांगता जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्राकडून माझा आवाज बनवून घेतला आणि घरी येऊन ऐकवला. मी कधीच न बोललेले वाक्य माझ्या आवाजात खोलीभर घुमले. आई मासळी साफ करत होती, ती तशीच ओल्या हाताने धावत आली. “बोलली! माझी पोरगी बोलली!” मी समोरच बसले होते, गळ्याला भोक घेऊन. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

“ताई, ऐकणाऱ्याला फरक कळणार नाय,” भाग्येश म्हणाला.

आई त्याला म्हणाली, “तिला सांग ना, एकदा आये म्हणायला.”

मी फळ्यावर लिहिले, ‘ती मी नाही.’ आईला वाचता येत नाही, म्हणून ते भाग्येशने तिला वाचून दाखवले. आई उठून गेली. त्यानंतर ती रोज संगणकासमोर बसते आणि खेळातल्या बर्फाच्या कारखान्याच्या बंद दारावर दाबत राहते. मंगळी म्हणते, “कुलूप हाय. दुसरीकडं बघ.” आई पुन्हा दाबते.

५. म्हणून असे ठरवते: खेळाचे माझे सर्व हक्क भाग्येशला, पण एका अटीवर. माझ्या आवाजावरून बनवलेला कोणताही आवाज खेळात वा खेळाबाहेर वापरायचा नाही. आहे तो पुसायचा. तिसऱ्या भागात मंगळी मुकी राहील. खेळणाऱ्याने दाबले तर तिने नुसते वळून बघावे. अट मोडल्यास हक्क दीपिकाकडे जातील. आईसाठीही यात सूट नाही.

६. रेकॉर्डिंगमधले टाकाऊ तुकडे मी पुसायला काढले होते. आमचे घर लहान. मी बोलत असताना आई मधेच यायची, तिच्यावर मी ओरडायचे. माझ्या आवाजात आईशी बोललेले एवढेच शिल्लक आहे. “आये, गप बस ना जरा.” “आये, मिक्सर बंद कर.” “आये, नको सांगितलं ना, जा तू.” गोड म्हणावे असे एकही नाही. दीपिकाने माझे न ऐकता ते आईला लावून दिले. आईने सगळे ऐकले, पुन्हा लावायला सांगितले, आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, “येच दे मला. वैतागून का होईना, मलाच म्हणते. ती मशिनीतली कुणालाबी आये म्हणंल.”

सदर तुकडे, न कापता, न सुधारता, माझ्या आईच्या मालकीचे आहेत.

ठिकाण: माहीम, ता. पालघर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

सही: उन्नती कुंदन तामोरे

साक्षीदार: उन्नतीला बोलता येत नसल्याने हा मजकूर चंद्रकांता हिने मोठ्याने वाचला. प्रत्येक कलमाला उन्नतीने मान हलवली, आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. सहाव्या कलमाला तिने थांबवून ते पुन्हा वाचायला लावले.

१) चंद्रकांता हरेश्वर पागधरे, माहीम
२) धीरज नारायण मेहेर, माहीम