पिवळं मोडेपर्यंत

३ जून
नोकरी लागली, तीही क्वार्टरसकट! बायको खूश, आणि आमची चिमी तर अंगणातल्या हातपंपाला लोंबकळूनच बसलीय. कारखाना नळाच्या तोट्यांना क्रोमचा चकचकीत मुलामा देतो. मी सांडपाणी तपासायचं आणि ते स्वच्छ असल्याच्या कागदावर सही करायची. चैन आहे.

७ जून
फोरमनला सगळे बाबा म्हणतात. क्रोमच्या वाफेने त्याच्या नाकातल्या पडद्याला आरपार भोक पडलंय. त्यातून दोरा ओवून त्याने मला दाखवला. दुखत नाही म्हणाला. भोक पडल्याशिवाय इथे माणसाला पक्का समजत नाहीत म्हणे. सगळे हसले, मीही हसलो. दुपारी डबा तसाच परत आणला.

१२ जून
हौदातलं पाणी हळदीसारखं पिवळं. पावडर टाकून ते हिरवं करायचं, मग चुन्याने गाळ बसवायचा, ही खरी रीत. बाबा नुसतं साधं पाणी ओतत राहतो. पिवळं मोडलं की विष गेलं, असं त्याने मलाच समजावलं. मग ते सगळं जुन्या बोअरमध्ये सोडतात. तो लबाड असता तर बरं झालं असतं; त्याला हे मनापासून पटलंय.

१५ जून
चिमीला तीन दिवस उलट्या. शंका आली म्हणून पंपाचं पाणी तपासलं. तपासणीच्या औषधाचा थेंब पडताच बाटलीतलं पाणी जांभळं. जांभळं म्हणजे क्रोम. तो जुना बोअर घरापासून पन्नास पावलांवर आहे. आजपासून विकतच्या बाटल्या.

१६ जून
सही करणार नाही, असं मॅनेजरला सांगितलं. संध्याकाळपर्यंत शेजारी बोलेनासे झाले. बाबा दारात आला. “आमच्या पोटावर पाय देऊ नका, साहेब. आमची पोरं हेच पाणी पिऊन वाढली.”
त्यातली किती वाढली, ते मी विचारलं नाही.

१७ जून
सकाळी बायको चिमीचं औषध आणायला गेली आणि कारखान्यातले चौघे आले. फोन काढून घेतला, मला आणि चिमीला आत ठेवून बाहेरून कडी लावली. सही दिली तरच उघडणार.

दुपार
पत्रा तापलाय. बाटल्या संपल्या. चिमी पाणी मागतेय — हंड्यात पंपाचंच —
करतो सही, म्हणून ओरडलो. खिडकीतून कागद आला. केली. तरी कडी कुणी काढेना —
बाबाने पंपावर भरलेला पेला गजांतून आत दिला. माझ्या नाही, चिमीच्या हातात. पोर तहानली असेल म्हणाला — खरंच मायेने —
चिमी, नको, ठेव तो, चि—